जवळपासच्या सरकारी शाळांची तुलना : काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले की पालक शाळा बघायला बाहेर पडतात, पण बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. शेजाऱ्यांनी एखादं नाव सांगितलेलं असतं, किंवा नव्यानं रंगवलेली इमारत येता-जाता नजरेत भरलेली असते. मग शाळेत गेल्यावर जे दिसेल ते त्या ठरलेल्या मताला जुळवून घेतलं जातं. दुसऱ्या बाजूला, 'झेडपीच्या शाळेत काही शिकवत नाहीत' असं ठामपणे सांगणाऱ्या कित्येकांनी स्वतःची शाळा सुटल्यापासून झेडपीच्या वर्गात पाऊलही टाकलेलं नसतं. दोघांचीही चूक एकच. सगळ्या सरकारी शाळा सारख्याच, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात एकाच केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकाच सरकारी गटातल्या) दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो रस्त्यावरून दिसत नाही.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका शाळांसाठी आहे. अनुदानित शाळाही यादीत घ्यायच्या असतील तरी हीच पद्धत चालते. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांचा आरटीई (शिक्षण हक्क कायदा) प्रवेश ही पूर्णपणे वेगळी प्रक्रिया आहे. ती इथे मिसळू नका.

टप्पा १ : आधी वेळ ठरवा

शाळा बघायचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. तोवर वर्षाची घडी बसलेली असते, मुलांच्या वह्या भरलेल्या असतात आणि पहिलीतली मुलं किती वाचायला लागली तेही कळतं. जूनमध्ये गेलात तर प्रवेशोत्सव दिसेल. तोरणं, फुगे, नवी पुस्तकं सगळीकडे सारखीच असतात. स्नेहसंमेलनाचा आठवडा आणि २६ जानेवारीच्या आधीचे कवायतीचे दिवस टाळा.

दिवस मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा धरा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातून नेहमीचा दिवस कळत नाही. गावात आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी घटते, तोही दिवस नको.

लक्षात ठेवा : बीडसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर बरीच मुलं आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातात. तिथे रिकामे बाक दिसले म्हणून शाळेला कमी लेखू नका. उलट, मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं का आणि परत आलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढतात, ते विचारा. या उत्तरातून शाळा जास्त कळते.

उशीर झालाच असेल तर 'शाळापूर्व तयारी मेळावा' सोडू नका. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी तो एप्रिल आणि जूनमध्ये असा दोनदा भरतो. यादीतल्या निदान दोन शाळांच्या मेळाव्यांना मुलाला घेऊन जा आणि नवख्या, बुजऱ्या मुलाशी तिथल्या बाई कशा बोलतात ते पाहा.

टप्पा २ : यादी नकाशावरून करा, कानावरून नको

आरटीई कायद्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा हिशेब आहे. या अंतरातल्या सगळ्या शाळा लिहून काढा. ज्यांच्याबद्दल वाईट ऐकलंय त्याही लिहा. प्रत्येक शाळेपर्यंतचा रस्ता एकदा मुलाला बरोबर घेऊन, शाळा भरायच्या वेळेला चालून बघा. नकाशावर सातशे मीटरवर दिसणाऱ्या शाळेच्या वाटेत राज्यमार्ग किंवा ओढा आडवा येत असेल, तर ती सव्वा किलोमीटरवरच्या शाळेपेक्षा लांबच आहे.

यादीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा : यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), माध्यम, कितवी ते कितवी, आणि शाळा सकाळची की दुपारची.

यू-डायस क्रमांक अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेचा २७ ने सुरू होतो. शाळेच्या फलकावर किंवा शाळेत विचारल्यावर तो मिळतो. हा क्रमांक घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एकाच नावाच्या दोन-दोन शाळा असतात. शहरात तर याची फारच गरज पडते. मुंबई महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या स्वतंत्र शाळा भरतात. मुख्याध्यापक वेगळे, शिक्षक वेगळे. 'त्या इमारतीतली शाळा चांगली आहे' या वाक्याला तिथे काहीच अर्थ नाही.

'कितवी ते कितवी' हा रकाना लोक हमखास विसरतात. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल कुठे जाणार, तिथे एसटी जाते का, मुलींसाठी ते अंतर झेपणारं आहे का, याचा विचार पहिलीच्या प्रवेशाआधीच व्हायला हवा.

टप्पा ३ : शाळेत जाण्याआधी कागद वाचा

यू-डायस प्लसच्या 'नो युअर स्कूल' पानावर क्रमांक टाकला की शाळेचं माहितीपत्रक उघडतं. त्यात इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, शौचालयं, पाणी, वीज, ग्रंथालय अशी माहिती असते. ती शाळेनंच भरलेली असते आणि बहुधा आदल्या वर्षाची असते. त्यामुळे भेटीत काय तपासायचं ते ठरवायला ती वापरा, निकाल लावायला नको.

सगळ्यात जास्त फसवणारा आकडा म्हणजे एका शिक्षकामागे किती मुलं. समजा, दोन्ही शाळा पहिली ते चौथीच्या आहेत. एका शाळेत ३८ मुलं आणि २ शिक्षक, म्हणजे शिक्षकामागे १९ मुलं. दुसरीत १२४ मुलं आणि ४ शिक्षक, म्हणजे शिक्षकामागे ३१. कागदावर पहिली शाळा सरस दिसते. पण पहिल्या शाळेत प्रत्येक शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेत. एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले, की चारही वर्ग एका खोलीत येतात. दुसऱ्या शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतःचा शिक्षक आहे. म्हणून मुलं भागिले शिक्षक हा भागाकार बाजूला ठेवा आणि शिक्षक किती व वर्ग किती, हे मोजा.

याचा अर्थ द्विशिक्षकी शाळा वाईट, असा नाही. काही द्विशिक्षकी शाळांत मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीवर गटात बसवतात आणि मुलं झपाट्यानं पुढे जातात. फक्त अशा शाळेत भेटीच्या वेळी एकच गोष्ट नीट पाहायची : गुरुजी एका वर्गाला शिकवत असताना दुसरा वर्ग काय करतोय.

मागच्या दोन-तीन वर्षांचा इयत्तावार पटही मिळाला तर पाहा. पहिलीला २२ मुलं होती आणि तीच तुकडी तिसरीत १३ वर आली असेल, तर नऊ मुलं कुठे गेली ते विचारायला हवं. स्थलांतर असेल, जवळ नवी शाळा निघाली असेल किंवा पालक नाराज असतील. कारण कळेपर्यंत मत बनवू नका.

या टप्प्यावरच्या चुका :

- असर किंवा परख यांसारख्या सर्वेक्षणांचे आकडे शाळेला लावणं. ती सर्वेक्षणं निवडक नमुन्यावर होतात. जिल्ह्याचं किंवा राज्याचं चित्र त्यातून कळतं, तुमच्या गल्लीतल्या शाळेचं नाही.
- 'सुंदर शाळा' स्पर्धेचं बक्षीस म्हणजे शिकवणं चांगलं, असं समजणं. परसबाग आणि बोलक्या भिंती चांगल्याच आहेत, पण तिसरीतलं मूल वाचतं का हे त्या सांगत नाहीत.
- शिष्यवृत्तीधारकांच्या यादीवर भाळणं. किती मुलं बसली आणि त्यांतली किती पात्र ठरली, हे दोन्ही विचारा. पाच हुशार मुलांना वेगळं बसवून तयारी करून घेणारी शाळा आणि सगळ्या वर्गाला शिकवणारी शाळा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

टप्पा ४ : शिक्षकांची स्थिती विचारा

सरकारी शाळा तिथल्या शिक्षकांवर उभी असते आणि शिक्षकांच्या बदल्या होतात. आज नावाजलेल्या शाळेतल्या बाई पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या तालुक्यात असू शकतात. म्हणून मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना चार प्रश्न विचारा : मंजूर पदं किती, भरलेली किती, पहिली-दुसरीचे शिक्षक या शाळेत किती वर्षं आहेत, आणि येत्या वर्षात कोण निवृत्त होणार किंवा बदलीपात्र आहे. मुख्याध्यापकपद भरलेलं आहे की प्रभारी, हेही विचारा. प्रभारी मुख्याध्यापक असेल तर ते स्वतः एखादा वर्ग सांभाळून सगळे अहवाल भरत असतात, आणि त्या वर्गाचे तास बुडतात.

बहुतेक ठिकाणी ही माहिती तोंडी मिळते. टाळाटाळ झाली तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. हा वेळ हाताशी असावा, म्हणूनच टप्पा १ मध्ये दिवाळीनंतरचा काळ सुचवला.

टप्पा ५ : भेट

मुख्याध्यापकांना आधी भेटून दिवस ठरवा. परवानगी न घेता वर्गात शिरू नका, मुलांचे फोटो काढू नका. प्रत्येक शाळेला किमान दीड तास द्या आणि सगळ्या शाळा एका पंधरवड्यात संपवा. एक शाळा नोव्हेंबरमध्ये आणि दुसरी फेब्रुवारीत बघून तुलना करता येत नाही, कारण मधल्या तीन महिन्यांत पहिलीतलं मूल कुठल्या कुठे गेलेलं असतं.

*परिपाठापासून सुरुवात.* शाळा भरायच्या दहा मिनिटं आधी फाटकाशी उभे राहा. शिक्षक कधी येतात, उशिरा आलेल्या मुलाशी काय बोलतात, परिपाठात रोज तीच दोन मुलं पुढे येतात की पाळीपाळीनं सगळे, ते दिसेल.

*वर्ग कोणता बघायचा?* पहिली नाही, तिसरी. दोन वर्षांत शाळेनं मुलाला कुठवर आणलं, हे तिसरीत कळतं.

*वह्या.* ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. शिक्षकांना विचारून तीन वह्या मागा, पण पुढच्या बाकावरच्या नकोत, मधल्या आणि शेवटच्या. आधी पानांवरच्या तारखा पाहा. सलग आठ-दहा दिवस तारीखच नसेल तर त्या दिवसांत काय झालं ते विचारा. मग 'माझा आवडता सण' किंवा तसलं काही लिहिलेलं पान काढा. तिन्ही वह्यांत शब्दनशब्द तेच असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. चुका असल्या तरी वाक्यं ज्याची त्याची असतील, तर त्या वर्गात मुलं लिहायला शिकतायत.

मग हातच्याची वजाबाकी शोधा. ५२ वजा २७ या गणिताचं उत्तर ३५ लिहिलेलं सापडलं, तर मुलानं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय : पाचातून दोन तीन, सातातून दोन पाच. ही चूक त्या वयात फार मुलं करतात, तिचं काही वाटून घेऊ नका. शेजारी लाल शाईत काय आहे ते बघा. नुसती बरोबरची खूण असेल तर वही न वाचता तपासली आहे. फुली मारून सोडून दिलं असेल तर चूक सापडली, पण समजावली गेली नाही. आणि शेजारी पाच दशकांतला एक सुटा करून गणित पुन्हा मांडलेलं असेल, खाली मुलाच्या अक्षरात २५ असेल, तर त्या वर्गात शिकवलं जातं. असं एक पान मिळालं तरी इमारतीच्या प्लास्टरकडे थोडं दुर्लक्ष करा.

*वाचन.* पाठ्यपुस्तकातला धडा मुलांना पाठ असतो. म्हणून घरून चार-पाच सोप्या वाक्यांची, दोन-तीन जोडाक्षरं असलेली एखादी गोष्ट न्या आणि 'मला ही वाचून दाखवशील का?' असं विचारा. शिक्षक साहजिकच हुशार मूल पुढे करतील. त्याचं ऐका, कौतुक करा, आणि मग खिडकीकडच्या रांगेतल्या दोघा-तिघांचं ऐकायची परवानगी मागा. अडलेल्या मुलाला चारचौघांत काही बोलू नका, लगेच मदत करा. तुम्ही तपासनीस म्हणून गेलेला नाहीत. सगळ्या शाळांत गोष्ट तीच ठेवा.

*सेमी इंग्रजी असेल तर.* फलकावर 'सेमी' लिहिलेलं पाहून शाळा निवडणारे पालक खूप आहेत. गणित इंग्रजीत सोडवणाऱ्या मुलाला तेच गणित मराठीत समजावून सांगायला लावा. जमलं तर कल्पना कळली आहे. नुसते इंग्रजी शब्द पाठ असतील तर पुढे पाचवी-सहावीत मूल अडतं.

*शौचालय, पाणी, आहार.* मुलींचं शौचालय उघडं आहे का, आत पाणी आहे का, कडी लागते का, हे एखाद्या बाईमाणसानं स्वतः जाऊन बघावं. पाहुण्यांसाठी उघडलेलं कुलूप ओळखू येतं : आत फरशी कोरडी असते आणि कोपऱ्यात जाळी असतात. पोषण आहाराच्या वेळेपर्यंत थांबा. मुलं ताटातलं संपवतात की टाकतात, आणि सगळे एकाच पंगतीत बसतात का, ते पाहा.

टप्पा ६ : पालकांशी बोला, पण मत विचारू नका

'शाळा कशी आहे?' या प्रश्नाला 'बरी आहे' एवढंच उत्तर येतं. घडलेल्या गोष्टी विचारा. मागच्या आठवड्यात बाई किती दिवस आल्या? पोरगं घरी आपणहून पुस्तक उघडतं का? शेवटचा मार कधी खाल्ला? मुलगी शाळेत शौचालयाला जाते की घरी येईपर्यंत थांबते? शेवटचा प्रश्न आईला विचारला की खरं उत्तर मिळतं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीतल्या एखाद्या आईला गाठा आणि मागच्या बैठकीत कशावर बोलणं झालं ते विचारा. 'सही करायला बोलावतात' असं म्हणाली, तर तक्रार घेऊन जायला त्या शाळेत जागा नाही, असं समजा. पाण्याच्या टाकीवरून वाद झाला, असं सांगितलं तर ती समिती जिवंत आहे.

टप्पा ७ : तक्ता मांडा, बेरीज करू नका

एका कागदावर उभ्या रकान्यांत शाळा आणि आडव्या ओळींत मुद्दे लिहा. गुण देऊन बेरीज करायचा मोह होतो, तो टाळा. चांगलं मैदान आणि संगणक कक्ष यांच्या गुणांनी न वाचणारी तिसरी झाकली जाते.

आधी बाद करायच्या अटी लावा. मुलांना मारतात, मुलींचं शौचालय वापरता येत नाही, रस्ता एकट्यानं जाण्याजोगा नाही आणि सोबतही नाही, किंवा तिसरीतली बहुतेक मुलं साधी वाक्यं वाचू शकत नाहीत : यांतली एकही गोष्ट असेल तर ती शाळा बाजूला काढा. उरलेल्या शाळांत क्रम लावताना माझा कल स्पष्ट आहे : आधी वाचन आणि वह्या, मग शिक्षक टिकून राहण्याची शक्यता, मग अंतर, आणि सुविधा सगळ्यात शेवटी. सुविधा दोन वर्षांत येऊ शकतात. पहिली-दुसरीत न शिकलेलं वाचन भरून काढायला मुलाला फार कष्ट पडतात.

दोन शाळा अगदी तुल्यबळ निघाल्या तर जवळची घ्या.

*माध्यमिक शाळा बघत असाल तर* दहावीचा शंभर टक्के निकाल जसाच्या तसा धरू नका. आदल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि दहावीच्या परीक्षेला शाळेतर्फे किती बसली, हे विचारा. नववीत ६० आणि दहावीला ४१ असतील, तर बाकीच्यांना १७ नंबरचा फॉर्म (शाळेबाहेरून, खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरायला लावला का, याची चौकशी करा.

टप्पा ८ : प्रवेश आणि पहिले तीन महिने

पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेणं बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जन्मदाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. अनुदानित शाळेत 'विकास निधी' मागितला तर तो कशासाठी ते लेखी मागा, आणि पैसे दिलेच तर पावती घ्या.

ऑगस्टच्या शेवटी मुलाची वही घेऊन बसा आणि टप्पा ५ मधलं सगळं तिच्यावर करून बघा : तारखा, लाल शाई, स्वतःची वाक्यं. निवड चुकली असं वाटलं तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग समितीशी. तरीही शाळा बदलायचीच ठरली तर ३० सप्टेंबरच्या आत बदला, कारण त्या दिवशीच्या पटावर पुढच्या वर्षीची शिक्षकांची पदं ठरतात आणि तुमचं मूल जिथे शिकतंय तिथेच मोजलं जायला हवं. एका सरकारी किंवा अनुदानित शाळेतून दुसऱ्या अशा शाळेत जाण्याचा हक्क मुलाला कायद्यानं दिलेला आहे. जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला, तरी त्या कारणावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.